तिसरी काठी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या पदभ्रमण मंडळाचे आणि या सभागृहातल्या निम्म्याअधिक दाढांचे रखवालदार डॉक्टरसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले डोंगर बचाव पथकाचे प्रमुख, जे आज साध्या कपड्यांत आल्यामुळे दारावरच्या मंडळींना ओळखू आले नाहीत. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, माझे सख्खे थोरले बंधू. पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या माझ्या वहिनी. आणि पाठीवर कमीत कमी ओझं घेऊन जास्तीत जास्त डोंगर पालथे घालणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सूत्रसंचालकांनी मला दोनदा बजावलंय की वेळ थोडा आहे. त्यांनी काळजी करू नये. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या कापत बसले. स्वतःचं भाषण कापायला मला घंटा लागत नाही. उलट, तिथे बसून मला एक खोड जडली आहे. जे वाक्य खरं नाही ते मला वाचवत नाही. निरोप समारंभात ही खोड फारशी कामाची नाही, हे मला मान्य आहे.

तर प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. आमच्या दादांनी तंबू आणि सॅक शिवायची आपली खोली बंद केली. कारखाना म्हणायची पद्धत आहे, पण होती ती खोलीच. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला धुलाईवाला, मध्ये दादा, दोन मशिनं आणि पाण्यासारखं हातातून निसटणारं ते कापड. दादा आणि वहिनी आता लेकीकडे राहायला निघालेत. तिच्या गावाला डोंगर नाही. टेकाडसुद्धा नाही. मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला करमेल का हो?" तर म्हणाल्या, "मला सपाटच बरं. चाळीस वर्षं यांना चढाला लागलेलं बघतेय."

मघाशी मानपत्र वाचलं गेलं, त्यात दादांचा उल्लेख 'हलक्या भटकंतीचे प्रणेते' असा आला. छान शब्द आहे. पण आपण कुणी त्यांना कधी प्रणेते म्हटलंय का? आपण त्यांना ग्रॅमदादा म्हणतो. तोंडावरही म्हणतो. आणि हे नाव कसं पडलं ते नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगते.

आपल्या मंडळात कुठल्याही मोठ्या सफरीआधी चादर होते. दुसऱ्या कुठल्या मंडळात ही रीत असल्याचं मी ऐकलेलं नाही. दादांच्या खोलीत मशिनं भिंतीला सरकवायची, जमिनीवर एक जुनी चादर अंथरायची, आणि एकेकानं आपली भरलेली सॅक तिच्यावर उपडी करायची. मग दादा स्टुलावर बसून ग्रॅमग्रॅमचा हिशेब लावत एकेका वस्तूची उलटतपासणी घेणार. जी वस्तू पास झाली ती सॅकमध्ये परत जाणार, नापास झाली ती चादरीवरच राहणार. बाकीचे सगळे भिंतीला टेकून तमाशा बघणार.

"हे काय?"

"टॉवेल, दादा."

"आंघोळ करणार आहेस का वर?"

"नाही हो, पण असावा जवळ."

"'असावा जवळ' हे घरात म्हणायचं. डोंगरात इतकंच विचारायचं: हा नसला तर भिजशील का, उपाशी राहशील का, मरशील का? तिन्हींना 'नाही' असेल तर राहू दे इथंच."

टॉवेल चादरीवर. टॉर्चचे जादा सेल चादरीवर. जीनची पँट तर दादा दोन बोटांत उचलून, मेलेला उंदीर असावा तशी, बाजूला ठेवायचे. आपल्या अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत त्यांनी एकदा चौदा टूथब्रशांचे दांडे करवतीनं अर्धे कापले होते. डॉक्टरसाहेबांनी त्यावर जाहीर निषेध नोंदवला. म्हणाले, "दादा, अशानं मागच्या दाढा घासल्या जाणार नाहीत." दादा म्हणाले, "मग परत आल्यावर तुमच्याकडेच येतील की. तुमचा काय तोटा आहे?"

घरात मात्र हाच माणूस तीन छत्र्या आणि सहा कात्र्या बाळगून होता, हे वहिनींनी मला मुद्दाम सांगायला सांगितलंय.

या चादरीवर आपण काय काय शिकलो! झऱ्यापाशी थांबून पोट भरून पाणी प्यायचं, म्हणजे पाठीवर थोडं न्यावं लागतं. विसाव्याला बसलं की आधी बूट-मोजे काढून पावलांना वारा द्यायचा, मग गप्पा. ओले मोजे सॅकवर वाळत टाकायचे, आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालायचा, जगबुडी आली तरी चालताना घालायचा नाही. मुक्काम दरीच्या तळाशी करायचा नाही, कारण रात्री गार हवा पाण्यासारखी उतरून तिथे साचते. थोडं वर, आडोशाला करायचा. झोपायच्या पिशवीचा खालचा भाग आपल्याच वजनानं दाबला जातो, त्याची ऊब शून्य, मग तो वाहायचा कशाला? त्याऐवजी नुसती वरून पांघरायची हलकी दुलई शिवली दादांनी. सॅकच्या पाठीला लावायची फोमची पट्टी काढली की बसायला आसन. तीच पट्टी झोपताना कमरेखाली.

आणि या सगळ्याच्या मुळाशी दादांचा एक नियम होता, तो तुम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेत म्हणाल. एका वस्तूला दोन नोकऱ्या. जी वस्तू एकच काम करते ती चादरीवरून उठणार नाही.

दादांचा प्रसिद्ध तंबू याच नियमातून आला. त्याला स्वतःचा खांब नाही. दिवसभर ज्या दोन काठ्या टेकत आपण चालतो, त्याच संध्याकाळी कापडाखाली उभ्या करायच्या, दोर ताणायचे, खुंट्या ठोकायच्या, झाला तंबू. घडी केली की एका पावाएवढा. हे कापड भिजलं की सैल पडतं, म्हणून पावसात एकदा उठून दोर पुन्हा ताणायचे, एवढंच पथ्य. हा तंबू पाठीवर टाकून तुमच्यापैकी किती जण, सांध्यांची कुरकूर असूनही, पुन्हा डोंगर चढायला लागले ते मी पाहिलंय. त्याबद्दल दादांचे आभार मानायला मी उभी आहे, आणि ते मनापासून मानते.

आता मला माझ्या मुलाबद्दल बोलायचंय.

सूत्रसंचालक माझ्याकडे पाहू लागलेत. घाबरू नका, मी रडणार नाही. गेल्या तीन वर्षांत मंडळाच्या एकाही कार्यक्रमात त्याचं नाव कुणी घेतलं नाही, माझ्या आणि दादांच्या काळजीपोटीच घेतलं नाही, हे मी जाणते. पण दादा खोली का बंद करतायत, याचं उत्तर मानपत्रात 'वयोमानानुसार' असं दिलंय, आणि ते वाक्य मला वाचवत नाही.

त्याला तुम्ही उंट म्हणायचात. लांब तंगड्या, आणि झऱ्याला तोंड लावलं की उठायचंच नाव नाही. शाळा सुटली की तो दादांच्या खोलीत जायचा, कॉलेज सुटलं तरी तिथेच जायचा, नोकरी लागली तरी कचेरीतून तिथेच. दादांनी शिवलेला प्रत्येक नवा तंबू पहिल्यांदा तोच पावसात नेऊन बघायचा. परत येऊन सांगायचा, "मामा, डाव्या शिवणीतून गळतंय," आणि दादा गोंदाची ट्यूब घेऊन पुन्हा बसायचे. मामा-भाच्याचं मेतकूट इतकं जमलेलं की मला कधी कधी वाटायचं, याला जन्म मी दिला की दादानं कापडातून बेतून काढला?

तो त्या वेळी एकटाच निघाला होता. खिंडीच्या अलीकडे त्याला एक जोडपं भेटलं, आमच्याच वयाचं. नवऱ्याचा गुडघा मुरगळलेला. खाली उतरायचं होतं, आणि पाऊल टेकवत नव्हतं. त्या बाईंनी नंतर मला सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. उंटानं आपल्या दोन्ही काठ्या त्यांच्या हातात दिल्या. उंची कमी-जास्त करून दिली. उतारावर काठी आधी खाली टेकायची, मग दुखरा पाय, मग चांगला, असं चार पावलं चालून दाखवलं.

नवरा म्हणाला, "अहो, पण तुम्हाला?"

हा म्हणाला, "मला उंट म्हणतात काका. उंटाला काठी कुणी धरायला देतं का?"

"परत कशा करायच्या?"

"खालच्या चहाच्या टपरीवर ठेवा. परवा घेतो."

आणि तो खिंडीकडे निघून गेला.

लोक म्हणतात, काठ्या देताना आपण तंबूही देतोय, हे त्याच्या लक्षात आलं नसेल. मी मानत नाही. दादांच्या हाताखाली वाढलेल्या पोराच्या ते लक्षात आलं नाही? त्यानं हिशेब केला असणार. खिंडीपलीकडे झाडी आहे. दोन झाडांमध्ये दोर बांधला की त्यावर तंबू टाकता येतो, काठ्यांशिवाय, दादांनीच शिकवलेलं. उजेड होता. आभाळ स्वच्छ होतं. हिशेब बरोबर होता.

ढग खिंडीत उतरला तेव्हा तो मधल्या उघड्या कण्यावर, डोंगराच्या धारेवर होता. तिथे झाड नाही, झुडूपही नाही. दिसेनासं झालं की चालायचं नाही, थांबायचं, हेही चादरीवरच शिकवलेलं. तो थांबला.

बचाव पथकाचे प्रमुख आज व्यासपीठावर आहेत. ते माझ्याकडे स्वतः आले होते, माणूस पाठवला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी मला सांगितलं की त्यानं खडकाचा आडोसा धरून पाठ वाऱ्याकडे केली होती. सॅकची पट्टी खाली घेतली होती. दुलई अंगाभोवती, वरून तंबूचं कापड, कडा पायाखाली दाबलेल्या. सगळं खाणं संपवलेलं, अंगात ऊब यावी म्हणून. आणि पायात कोरडे मोजे. प्रमुख म्हणाले, "बाई, त्यानं एकही चूक केली नव्हती."

हे त्यांनी माझं सांत्वन म्हणून म्हटलं, मला कळतं. मी हजारो वाक्यं इकडची तिकडे लावली आहेत. हे वाक्य कुठे ठेवायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

पावसात आणि वाऱ्यात नुसतं कापड पुरत नाही. कापड अंगाला चिकटलं की ते तंबू राहत नाही, ओलं फडकं होतं. कापड आणि माणूस यांच्यामध्ये थोडी हवा लागते. ती हवा धरून ठेवायचं काम काठीचं.

पुढे महिनाभरानं ते जोडपं दादांच्या खोलीवर आलं. मी तिथेच कोपऱ्यात बसले होते. आमच्या घरात तेव्हा बसवत नव्हतं. त्या गृहस्थांच्या हातात त्या दोन काठ्या. टोकांची माती धुऊन काढलेली, मुठी पुसलेल्या. टपरीवर त्यांनी त्या ठेवल्या होत्या, मग बातमी कळल्यावर पुन्हा जाऊन आणल्या. दारातूनच त्यांनी त्या पुढे केल्या. म्हणाले, "या तुमच्या."

दादा मशिनवरून उठले. काठ्या हातात घेतल्या, लांबी दोन्हीची सारखी आहे का पाहिली, सवयीनं. मग म्हणाले, "गुडघा कसा आहे आता?"

ते गृहस्थ मटकन खाली बसले. त्या चादरीच्या जागेवरच. आज मंडळानं त्यांनाही आमंत्रण दिलं होतं. त्यांनी कळवलं की पाय उचलत नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही. ते उतरले, सुखरूप उतरले, काठ्यांनी आपलं काम केलं.

त्या दिवसानंतर दादा बदलले. आपल्या सगळ्यांना दिसलं, आपण फक्त त्याला नाव दिलं नाही. दादांनी प्रत्येक तंबूला एक बारीक पिशवी शिवायला सुरुवात केली आणि तिच्यात एक जादा काठी घालायला लागले. तीन तुकड्यांची, आतून रबरी दोरी ओवलेली. झटकली की सरळ होते. वजन एका मोठ्या सफरचंदाएवढं. मागितलेली नसताना, फुकट. गिऱ्हाईक तंबू न्यायला आलं की दादा म्हणायचे, "ही हातात धरायची नाही. ही कुणाला द्यायची नाही. ही फक्त तंबूची."

सुरुवातीला सगळ्यांनी मान खाली घालून घेतली. मग हळूहळू चुळबुळ सुरू झाली. "दादा, आम्ही हलका तंबू मागितला होता ना?" "दादा, माझा रस्ता झाडीतलाच आहे हो." "दादा, मी माझ्या काठ्या कुणाला देणारच नाही, लिहून देऊ का?" आणि एकानं, त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, अगदी आदरानं म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत ना, दादा? एका वस्तूला दोन नोकऱ्या. ही काय दुसरी नोकरी करते?"

दादांनी काठीची घडी घालून ती पिशवीत परत सरकवली. मग म्हणाले, "ही एकच करते."

लोक तंबू न्यायचे आणि जाता जाता काठी दाराजवळच्या छत्र्यांच्या डब्यात सोडून जायचे. हळूच, आवाज न करता. किल्लीवाला सांगायचा, "दादा, तुमच्याकडे छत्र्यांना पिलं झाली बघा." वहिनी त्या गोळा करून माळ्यावर टाकायच्या. दादा त्या उतरवून पुढच्या तंबूंत घालायचे. त्याच काठ्या फिरत राहिल्या, असं म्हटलं तरी चालेल. मग तंबूच कमी झाले. याहून हलके तंबू बाहेर मिळायला लागले होते, आणि त्यांच्याबरोबर कुणी उपदेश देत नव्हतं.

तरी आपल्या मंडळापुरती दादांनी हिंमत सोडली नाही. चादर चालूच ठेवली, फक्त आता उलटी. पूर्वी ते वस्तू काढायला लावायचे, आता एक वस्तू नसली तर सॅक बांधू द्यायचे नाहीत. आणि आपण सगळे शहाण्या मुलांसारखे ती चादरीवर मांडायचो. दादा एकेक काठी झटकून सरळ करून बघायचे आणि मान डोलवायचे. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "ताई, हे आता रात्री झोपतात हो. चादर झाली की त्या रात्री झोपतात."

या मोसमाच्या पहिल्या सफरीला मी आणि दादा तुम्हाला निरोप द्यायला पायथ्याशी आलो होतो. छान सकाळ होती. कुणाच्या तरी सॅकचा पट्टा उसवला होता, दादांनी तिथेच बाकावर बसून चार टाके घातले. तुम्ही सगळे हसत-ओरडत पहिलं वळण चढून दिसेनासे झालात. आम्ही परत निघालो. आमची गाडी शेवटच्या टोकाला, म्हणून तुमच्या गाड्यांच्या रांगेशेजारून चालत गेलो.

मागच्या काचांमधून दिसत होतं. पहिल्या गाडीत सीटवर एक काठी. दुसऱ्या गाडीत दोन. तिसरीत त्या खडखडू नयेत म्हणून जाकिटात गुंडाळून ठेवलेल्या, टोकं तेवढी बाहेर आलेली. दादा प्रत्येक गाडीपाशी थांबले नाहीत. एकीपाशी थांबले, मग नुसते चालत राहिले, मान त्या बाजूला वळवून, शेवटपर्यंत.

मला वाटलं, चिडतील. काहीतरी बोलतील. मीच म्हटलं, "दादा, अरे, वजन होतं रे पोरांना."

ते म्हणाले, "छोटे, चल. ऊन वाढलं."

दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर पाटी लागली.

आता समोरचे काही जण आपापल्या बुटांकडे बघतायत. कृपा करून वर बघा. मी कुणाकडे बोट दाखवायला उभी नाही. तुम्ही वाईट नाही. घाबरून माणूस एखादी वस्तू उचलतो, पण चढाला लागल्यावर भीती मागे पडते आणि वजन तेवढं उरतं. स्वतःची भीतीसुद्धा माणूस फार वेळ वाहत नाही, तर दुसऱ्याच्या दुःखातून आलेली काठी तुम्ही किती डोंगर वाहणार? एक डोंगर वाहिलीत, दोन डोंगर वाहिलीत. मी तुमच्या जागी असते तर तिसऱ्याला मीही थांबले असते, असं वाटतं.

अध्यक्षांनी मला सुचवलं होतं की शेवट 'दादांची शिकवण आम्ही सदैव पाठीवर वाहू' असा करावा. वाक्य सुंदर आहे, डॉक्टरसाहेब. पण ज्यांना सांगायचं ते दादा इथेच बसलेत, आणि त्यांनी गाड्यांच्या काचा पाहिल्यात. त्यांच्यासमोर हे वाक्य कसं म्हणू?

तेव्हा शेवटचं जे बोलायचं ते मी सभेशी बोलत नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

दादा, तू तीन वर्षं एकच गोष्ट मनात धरून बसला आहेस. मला तू ती कधी सांगितली नाहीस, पण मला माहीत आहे. तंबूला ही जादा काठी मी आधीच दिली असती तर. एवढंच ना? तू झोपेत शिवतोस ती पिशवी, वहिनी सांगतात.

मी त्याची आई आहे, म्हणून माझं ऐक. तो घरातून निघायचा तेव्हा मी प्रत्येक वेळी त्याच्या सॅकमध्ये एक जाड स्वेटर कोंबायचे. तो हसायचा, मला मिठी मारायचा, "हो आई, हो आई" म्हणायचा. तो गेला की स्वेटर बुटांच्या कपाटात सापडायचा. व्यवस्थित घडी घातलेला. माझ्यावर रागावून नाही, दादा. माझं मन मोडायचं नव्हतं, आणि वजनही न्यायचं नव्हतं. इतका साधा हिशेब.

तू ती काठी दिली असतीस, तर त्यानं ती तुझ्या समोर चादरीवर मांडली असती. झटकून सरळ करून दाखवली असती. तुझी एखादी थट्टाही केली असती. आणि ती गाडीत ठेवून तो वर गेला असता. या मंडळात ती गाडीत ठेवणारा पहिला माणूस तोच असता. त्याला तू इतकं छान शिकवलं होतंस.

मी हे किती वेळा उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही सुरुवात केली तरी तो त्या कण्यावर बिनकाठीचाच पोचतो. त्यात तुझ्या शिलाईला जागाच नाही. हे ऐकून तुला बरं वाटणार नाही, मला ठाऊक आहे. मलाही वाटलेलं नाही. यातून काही शिकण्यासारखं असेल असंही मला वाटत नाही. पण तू आता जातोयस, आणि पुष्पगुच्छाबरोबर ते 'असती तर' घेऊन जावंस, हे मला बघवेना. ते इथेच ठेव. सपाट गावाला जा. नातीला दप्तर शिवून दे, हवं तेवढं जड दे.

एवढं बोलून मी थांबते. मंडळानं मला बोलू दिलं, अध्यक्षांनी मध्ये चिठ्ठी पाठवली नाही, पथकप्रमुख इतक्या लांबून आले आणि माझं बोलणं मान खाली न घालता ऐकत राहिले, सूत्रसंचालकांनी घड्याळ पालथं घातलं, या सगळ्यांची मी आभारी आहे. सत्काराच्या दिवशी बोलू नये ते पुष्कळ बोलले. कुणाला लागलं असेल, कुणाला ओशाळं वाटलं असेल, तर या बाईचा हात थोडा जड पडला असं समजून पोटात घाला.

टाळ्या नकोत. व्यासपीठाच्या पायऱ्या उंच आहेत आणि त्यांना कठडा नाही. दादा उतरायला लागले की कुणीतरी पुढे होऊन त्यांना हात द्या.